नाकारलं जाणं लागतं, पण 'का' म्हणजे कुठला का?

अर्धविराम

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर विषय निघाला होता की आपल्याच माणसांनी बाजूला टाकलं तर ते एवढं का झोंबतं. बघता बघता तीन तट पडले. एकाचं म्हणणं, मेंदूत दुखण्याचं केंद्रच जागं होतं, विषय संपला. दुसरीचं म्हणणं, आदिमानवाच्या काळात टोळीबाहेर पडला तो मेला, म्हणून. तिसरा म्हणाला, ज्याला लहानपणी माया मिळाली नाही त्यालाच लागतं, बाकीचे झटकून मोकळे होतात. मग नेहमीप्रमाणे मुद्दा राहिला बाजूला आणि कोण किती शिकलाय यावर गाडी घसरली. तिथे लिहिण्यात अर्थ नव्हता, म्हणून हा वेगळा धागा.

माझ्या मते ते तिघं एकमेकांना खोडत नव्हतेच. प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत होता आणि दुसऱ्याचं उत्तर चूक म्हणत होता.

निको टिंबर्गन या डच प्राणिशास्त्रज्ञाने १९६३ साली एक निबंध लिहिला. एखादं वागणं का घडतं असं विचारताना आपण चार निरनिराळे प्रश्न विचारत असतो, असं त्यात मांडलंय. आत्ता या घडीला शरीरात काय होऊन ते घडतं? या एका जिवाच्या आयुष्यात ते कसं घडत गेलं? तगून राहायला त्याचा काय उपयोग? आणि पूर्वजांपासून ते कुठल्या वाटेने आलं? एकाचं उत्तर सापडलं म्हणून बाकीचे तीन निकालात निघत नाहीत. (आयुष्यभर कुरव पक्षी आणि मासे न्याहाळत बसलेला माणूस. १९७३ चं नोबेलही त्याच कामाचं.)

आता हे नाकारलं जाण्याला लावून बघू. यातला सगळ्यात मजेशीर भाग प्रयोगशाळेतला आहे, तो आधी सांगतो.

किपलिंग विल्यम्स हे मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत कुत्र्याला घेऊन बसले होते. एक फ्रिस्बी जवळ येऊन पडली. यांनी ती उचलून खेळणाऱ्या दोघांकडे फेकली. त्यांनी ती परत यांच्याकडे फेकली. थोडा वेळ तिघांचा खेळ रंगला आणि मग काही न बोलता त्या दोघांनी यांच्याकडे फेकणं बंद केलं. ना ओळख ना देख, पुन्हा भेटण्याची शक्यता नाही, तरी वाईट वाटलं. पुढे यातूनच 'सायबरबॉल' नावाचा संगणकावरचा खेळ तयार झाला. पडद्यावर दोन आकृत्या, खाली तुमचा हात. तुम्हाला सांगितलेलं असतं की त्या दोन आकृत्या म्हणजे दुसरीकडे बसलेली खरी माणसं आहेत. सुरुवातीला चेंडू तुमच्याकडे येतो. मग येईनासा होतो. ते दोघं आपापसात फेकत राहतात आणि तुम्ही बघत बसता. बस्स, एवढंच. काही मिनिटांचा मामला, पण लोकांचा मूड खरोखर उतरतो. आपण कुणाचे तरी आहोत, आपली काही किंमत आहे, आपल्या हातात काही आहे, आपण असण्याला काही अर्थ आहे, या चारही जाणिवांना धक्का बसतो.

२००३ साली नाओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लिबरमन आणि विल्यम्स यांनी हाच खेळ १३ जणांना एमआरआय यंत्रात झोपवून खेळायला लावला. चेंडू बंद झाल्यावर मेंदूच्या अँटीरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्सच्या वरच्या भागात हालचाल वाढली. शारीरिक वेदना सलते तेव्हाही हा भाग कामात असतो. ज्यांनी जास्त वाईट वाटल्याचं सांगितलं त्यांच्यात ती हालचालही जास्त होती. 'मेंदूत दुखण्याचं केंद्र' ही भाषा आली ती इथून. हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

वाटेच्या प्रश्नाला मेंदूशास्त्रज्ञ याक पँकसेप यांचं काम लागू पडतं. १९७८ च्या सुमारास त्यांनी दाखवलं की आईपासून तोडलेली पिल्लं जो आकांत करतात तो मॉर्फिनच्या अगदी थोड्या मात्रेने थांबतो. पिल्लू झोपत नाही, गुंगतही नाही, फक्त रडणं थांबतं. म्हणजे वेदना शमवणारी जी रसायनं शरीरात आधीपासून होती, त्यांचाच वापर सस्तन प्राण्यांत आणि पक्ष्यांत जवळिकीसाठीही झाला, असा अंदाज. उपयोगाचं उत्तर सगळ्यांना पाठ आहेच, गटाशिवाय जगता न येणाऱ्या जिवाला गट सुटल्याची जाणीव लवकर आणि जोरात व्हायला हवी. आणि जडणघडणीचं उत्तर म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांच्यापुढचे लोक. लहानपणी हाक मारल्यावर कुणी येतं की नाही, यावरून मूल पुढच्या माणसांकडून काय अपेक्षा करायची ते शिकतं.

चारही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात. मग भांडण कशाचं?

सांजपाखरू

मस्त धागा. त्या फ्रिस्बीच्या गोष्टीत मला कुत्र्याचं काय झालं हे जाणून घ्यायचंय. वाचतेय.

तिरकस

भांडण कशाचं ते सांगतो. चार खोल्या करून प्रत्येकाला एकेक दिली की घरात शांतता होते खरी, पण म्हणून सगळी उत्तरं सारख्या वजनाची होत नाहीत. मेंदूचं उत्तर निदान मोजता येतं. टोळीची गोष्ट मोजायची कशी?

याच प्रयोगांचे पुढचे निकाल बघा. लोकांना स्पष्ट सांगितलं की समोर माणसं नाहीत, संगणकच चेंडू फेकतोय. तरी लागतं (झाड्रो, विल्यम्स आणि रिचर्डसन, २००४). चेंडू मिळाला की पैसे कापले जातील असं सांगितलं. तरी चेंडू न मिळाल्याचं वाईट वाटतं (२००६). खेळणारे कू क्लक्स क्लॅन या अमेरिकेतल्या वर्णद्वेषी संघटनेचे आहेत, म्हणजे ज्यांचं तोंड बघायची इच्छा नाही असे लोक, असं सांगितलं. त्यांनी वगळलेलंही लागतं (२००७). आता यातलं काय जगायला उपयोगी आहे? संगणकाने चेंडू दिला नाही म्हणून कोण उपाशी मरतं?

तर त्यावर उत्क्रांतीवाल्यांचं ठरलेलं उत्तर तयार असतं. रँडॉल्फ नेसी या डॉक्टरांचं धूरसूचकाचं (धूर आला की वाजणाऱ्या यंत्राचं) तत्त्व. पोळी करपली तरी धूरसूचक कोकलतो, पण खऱ्या आगीला गप्प बसण्यापेक्षा ते परवडलं. उत्तम. म्हणजे भावना जागी झाली आणि योग्य ठरली तर उत्क्रांती, जागी झाली आणि वेडगळ ठरली तरी उत्क्रांती. कधीच चुकणार नाही असं स्पष्टीकरण मला स्पष्टीकरण वाटत नाही.

अर्धविराम

@तिरकस, आक्षेप रास्त आहे, पण पूर्ण नाही. तसं तत्त्व खरं असेल तर एक गोष्ट निघते आणि ती तपासता येते. पहिला झटका आंधळा असायला हवा, म्हणजे कुणी वगळलं, का वगळलं याने त्यात फारसा फरक पडू नये. फरक पडायचा तो नंतर, सावरताना. विल्यम्स यांनी नेमकी हीच विभागणी केली आहे. आणि २००६ च्या एका अभ्यासात असं दिसलं की खेळ संपल्या संपल्या सगळ्यांना साधारण सारखंच लागलेलं असतं, पण पाऊण तासाने पाहिलं तर जे एरवीही लोकांत बुजतात ते अजून सावरलेले नसतात. उपयोगाचा प्रश्न झटक्याला लागू पडतो, जडणघडणीचा प्रश्न सावरण्याला. तुम्ही दिलेली तिन्ही उदाहरणं झटक्याची आहेत.

यातून त्या दुसऱ्या धाग्यावरच्या तिसऱ्या गृहस्थांचंही अर्धं उत्तर मिळतं. 'बाकीचे झटकून मोकळे होतात' हे खरं, पण झटकतात म्हणजे आधी लागलेलं असतं.

रांगेत_या

पेशाने डॉक्टर. दोन गोष्टी, दोन्ही महत्त्वाच्या.

पहिली. हा विषय निघाला की कुणीतरी पॅरासिटामॉलचं काढतंच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. २०१० साली नेथन डीवॉल आणि सहकाऱ्यांनी लोकांना तीन आठवडे रोज पॅरासिटामॉल किंवा खोटी गोळी दिली. खरी गोळी घेणाऱ्यांनी मन दुखावल्याच्या नोंदी हळूहळू कमी केल्या. बातम्या कशा आल्या असतील ते तुम्हाला ठाऊक आहे. पण गोळीने कमी झालं म्हणून दोन्ही दुखणी एकच, असा अर्थ निघत नाही. २०१५ च्या एका अभ्यासात तीच गोळी घेतलेल्यांना वाईट चित्रं कमी वाईट वाटली आणि छान चित्रं कमी छान वाटली. म्हणजे कदाचित ती नकाराचं दुखणं शमवत नाहीच, एकूणच भावनांची धार बोथट करते. आणि कृपा करून कुणी प्रेमभंगावर ही गोळी घेत बसू नका. मात्रा वाढली तर यकृत कायमचं निकामी होऊ शकतं, आणि ते होत असताना पहिले एक-दोन दिवस रोग्याला फारसं काही जाणवतही नाही.

दुसरी. '१३ जणांच्या मेंदूत एक भाग उजळला' याच्यावर फार इमारत उभी करू नये. तो भाग वेदनेला उजळतो, पण अपेक्षाभंगालाही उजळतो, चूक झाल्यावर उजळतो, दोन गोष्टींत निवड करताना उजळतो. उजेडावरून मागे जाऊन 'म्हणजे दुखत होतं' म्हणणं हा घसरडा तर्क आहे. २०११ साली ईथन क्रॉस यांनी नुकताच प्रेमभंग झालेल्या ४० जणांना त्या व्यक्तीचा फोटो दाखवला आणि दुसऱ्या वेळी हाताला चटका दिला. एकमेकांवर पडणारे भाग मिळाले, अगदी स्पर्शाच्या संवेदनेशी निगडित भागसुद्धा. झालं, सिद्ध झालं असं वाटलं. मग २०१४ मध्ये टोर वेजर यांच्या गटाने (त्यात क्रॉस स्वतःही होते) त्याच तऱ्हेची माहिती बारकाईने तपासली. भाग तेच, पण त्या भागांच्या आतली नक्षी वेगळी. चटक्याची नक्षी ओळखायला शिकवलेल्या संगणक प्रणालीला फोटोचं दुःख ओळखता येत नाही, आणि उलटही. एकाच इमारतीत दोन कचेऱ्या आहेत म्हणून त्यांचं काम एक ठरत नाही.

तिरकस

व्वा. म्हणजे मी ज्याला मोजता येतं म्हणालो त्याचीही वासलात लागली. चालू द्या.

शेवटचा_बाक

मी इथे वाचनमात्रच असते. आज लिहावंसं वाटलं.

ऑफिसातल्या आम्हा पाच-सहा जणींचा एक गट आहे, फोनवर. एकदा त्यातली एक मला तिच्या फोनवर फोटो दाखवत होती. मधेच वरून संदेशाची पट्टी सरकली. आमच्याच गटाचं नाव, पुढे फक्त एक बदाम. माझ्या फोनवर तो बदाम नाही. तिने अंगठ्याने ती पट्टी पटकन वर सारली आणि "हां, तर हा बघ" म्हणत पुढचा फोटो काढला. मीही "छान आलाय" म्हटलं. कान तापले होते. त्यानंतरच्या मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते आठवत नाही.

तेव्हा मला कुणी सिंग्युलेट कॉर्टेक्स सांगितलं असतं तर हातात येईल ते फेकून मारलं असतं. टोळीचं सांगितलं असतं तरी तेच. मला एवढंच हवं होतं की दुसरा गट कुणी काढला, कधी काढला आणि मी असं काय केलं होतं. हे तुमच्या चार प्रश्नांत कुठे बसतं?

अर्धविराम

@शेवटचा_बाक, लिहिलंत हे बरं केलंत. आणि खरं सांगायचं तर ते चारांत बसत नाही. टिंबर्गन प्राण्यांकडे बाहेरून बघत होते. कुरव पक्ष्याला 'तू असं का केलंस' म्हणून जाब विचारता येत नाही. माणसाला विचारता येतो, आणि तुम्हाला तोच विचारायचा होता.

डॅनिएल डेनेट या तत्त्वज्ञाने १९६९ साली माणसाची पातळी आणि माणसाच्या आतल्या यंत्रणेची पातळी असा फरक केला होता. विशेष म्हणजे त्यांचं उदाहरण वेदनेचंच होतं. 'मला दुखतंय' हे माणसाबद्दलचं वाक्य आहे. चेतापेशींबद्दल बोलायला लागलो की ते स्पष्टीकरण कितीही अचूक असलं तरी त्यात आता दुखणारं माणूस उरत नाही. त्यामुळे तुमच्या प्रश्नाला सिंग्युलेट हे चुकीचं उत्तर नाही, ते त्या प्रश्नाचं उत्तरच नाही. मैत्रिणींचे हेतू, तुमचा त्यांच्यावरचा विश्वास, त्या अंगठ्याचा अर्थ, हे सगळं माणसाच्या पातळीवरचं.

तरीही लोक तुमच्यासारख्याला मेंदूचंच उत्तर देतात, कारण ते भारदस्त वाटतं. डीना वाइसबर्ग यांचा २००८ चा एक छान प्रयोग आहे. मानसशास्त्रातल्या काही गोष्टींची बरी आणि फालतू अशी दोन्ही स्पष्टीकरणं लोकांना वाचायला दिली. फालतू स्पष्टीकरणात 'मेंदूच्या चित्रणातून दिसतं की' असं एक असंबद्ध वाक्य घुसवलं की सामान्य वाचकांना ते बरंच बरं वाटायला लागलं. तज्ज्ञ फसले नाहीत. 'मेंदूत दिसलं, म्हणजे तुझं दुःख खरं आहे बरं का' या वाक्याचा मला म्हणूनच राग येतो. कान तापले तेव्हाच ते खरं होतं, त्याला यंत्राचा दाखला कशाला?

सांजपाखरू

बाक, एक व्हर्च्युअल मिठी. (बदामासकट.)

उंबरठा

सगळी चर्चा एका माणसाच्या कातडीच्या आतच चालली आहे. कातडीबाहेरची पातळी कुणी काढली नाही याचं नवल वाटलं. वगळण्याचा अधिकार कुणाकडे असतो हा प्रश्न मेंदूत सापडणार नाही.

अथेन्समध्ये इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात नागरिक खापराच्या तुकड्यावर नाव खरडून एखाद्याला शहराबाहेर काढू शकत. किमान ६,००० मतं पडावी लागत. गुन्हा सिद्ध करायची गरज नव्हती. ज्याचं नाव आलं त्याने दहा वर्षं बाहेर राहायचं, त्याची मालमत्ता आणि नागरिकत्व मात्र शाबूत. म्हणजे शिक्षा फक्त 'इथे नको' एवढीच, आणि तेवढी पुरेशी आहे हे सगळ्यांना कळत होतं. पण ही तरतूद होती ती बलवान पुढाऱ्यांना आवर घालायला. एरवी उलटं असतं. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये कलंकाबद्दल लिहिलं ते अशा माणसांविषयी, ज्यांना कुणी चेंडू देत होतं आणि मग थांबलं असं नसतंच. त्यांना खेळात धरलेलंच नसतं. काही मिनिटांच्या सायबरबॉलवरून त्यांच्याबद्दल काय कळणार? विल्यम्सही मान्य करतात की दीर्घकाळ वगळलेला माणूस झटका आणि सावरणं यांच्या पुढे जातो आणि तिथे उरते ती हताशा.

खडूफळा

उंबरठा यांना अनुमोदन. मी शाळेत शिकवते, आणि पातळी बदलली की करायचं काम बदलतं हे रोज बघते.

खेळाच्या तासाला दोन कप्तान उभे करून आळीपाळीने गडी निवडायची पद्धत घ्या. शेवटी दोन मुलं उरतात आणि ती जमिनीकडे बघत बुटाच्या टोकाने माती उकरत असतात. मग शेवटून दुसरं नाव घेतलं जातं. शेवटच्याचं नाव कुणी घेतही नाही, तो आपला उरलेल्या बाजूला जाऊन उभा राहतो. आता यावर मी त्या मुलाला समजावू शकते, त्याचा आत्मविश्वास वाढवू शकते, त्याच्या पालकांना बोलावून घरचं विचारू शकते. किंवा ओळीत उभं करून एक-दोन, एक-दोन असं मोजून गट पाडू शकते. मी मोजते. त्या मुलात काहीच बिघडलेलं नव्हतं, पद्धतीत होतं.

वयाचा मुद्दाही इथे यायला हवा. २०१० च्या एका अभ्यासात (सारा-जेन ब्लेकमोर त्यात होत्या) सायबरबॉलमध्ये वगळल्यावर किशोरवयीन मुलींचा मूड मोठ्या बायकांपेक्षा जास्त उतरला. 'एवढं काय मनाला लावून घेतेस' हे वाक्य आपण नेमकं त्या वयाला ऐकवत असतो. आपल्याला खरंच तेवढं लागत नसतं, म्हणून आपल्याला ते पटत नाही.

एक प्रश्न. वर्गात एखादी मुलगी बाकीच्यांना सांगते, "तिला घेऊ नका." ती सोडा. ज्या नुसतं ऐकतात आणि घेत नाहीत, त्यांचे चेहरेही बघण्यासारखे असतात. त्यांच्यावर कुणी काम केलंय का?

अर्धविराम

केलंय. निकोल लेगेट आणि सहकारी, २०१३. त्यांनी खेळणाऱ्यालाच सूचना दिली की अमक्याकडे चेंडू फेकू नकोस. सांगितल्याप्रमाणे वागणाऱ्यांचाही मूड उतरला. अपराधी वाटलं, आणि आपण आपल्या मर्जीने वागत नाही आहोत असंही वाटलं.

तिरकस

आता यालाही धूरसूचक लावणार का? वगळणारा तर टोळीत सुरक्षित आहे. त्याला कशाला दुखावं?

अर्धविराम

नाही लावणार. कुणी हौसेने लावेलही, की आज मी वगळतोय, उद्या माझी पाळी. पण त्या संशोधकांनी दिलेलं स्पष्टीकरण मानसशास्त्रीय पातळीवरचं आहे. माणसाला दुसऱ्यांशी जोडलेलं असणं लागतं आणि स्वतःच्या मर्जीने वागणंही लागतं, आणि हुकमावरून कुणाला वगळताना दोन्ही एकदम जातं. मला ते तेवढंच पुरेसं वाटतं. खाली मेंदूत किंवा मागे टोळीत त्याला काहीतरी असेलच, पण ते सापडेपर्यंत हे उत्तर अर्धवट आहे असं मी मानत नाही.

तिरकस

सापडेपर्यंत अर्धवटच आहे. पण आज पुरे, उद्या सविस्तर लिहितो.